पाण्याने निघणारा रंग

डब्यावर लिहिलं होतं: पाण्याने निघतो.
आणि निघालाही.
ओरेस्टचं जाकीट आईने त्याच रात्री धुवायला टाकलं,
हॉस्पिटलातून परतल्यावर, अंगातला कोटही न काढता.
सकाळी ते दोरीवर होतं, थंडीने ताठ,
नारिंगी रंगाचा मागमूस नाही.

कॅनोराच्या पलीकडे, मामाच्या धान्यकोठ्यांमागे,
पॉपलरच्या झुडपांत आम्ही सहा जण.
मुखवटे पाच. त्यातले तीन भेगाळलेले.
खेळ संपला होता.
हे मी सांगते, कोणी विचारलं नाही तरी:
खेळ संपला होता.
काच वाफाळली म्हणून त्याने मुखवटा
कपाळावर सरकवला, हसत,
आणि मी बंदूक खाली ठेवताना

‘ठेवताना’.
या एका शब्दात
मी सव्वीस वर्षं राहते आहे.

गोळी ती केवढी? गोटीएवढी.
वरून जिलेटिनची साल, आत रंगीत पाक,
चिमटीत जोरात दाबली तर फुटते.
यॉर्कटनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बुबुळापुढे रक्त साचलंय,
उशा लावून बसूनच झोपू दे त्याला,
म्हणजे ते तळाशी जाईल.
पाच दिवस मी पलंगाच्या पायथ्याशी बसून
त्याच्या डोळ्यातली लाल पातळी
खाली उतरताना पाहिली,
उन्हाळ्यात शेततळं आटतं तशी.
सहाव्या दिवशी डोळा पुन्हा निळा.
सगळे म्हणाले, वाचला.
बाबांनी बंदूक विकली. वीस डॉलर आले,
त्याचं ट्रकमध्ये पेट्रोल घातलं.

वाचलाच म्हणायचं.
गोलरक्षक होता, त्या हिवाळ्यानंतर नव्हता.
चकती कुठवर आलीय ते त्याला
आल्यावर कळायचं.
तेविसाव्या वर्षी मोतीबिंदू.
दवाखान्याच्या बाकावर म्हाताऱ्यांच्या रांगेत
तो एकटाच काळ्या केसांचा.
आणि एकतिसाव्या वर्षी, सहज,
चष्म्याचा नंबर बघायला गेला तर
आतला दाब कधीचाच चढलेला.
मार बसला तेव्हाच डोळ्याचा निचरा फाटला होता,
आणि फाटकं ते सगळं
सतरा वर्षं मुकाट्याने तुंबत गेलं.
काचबिंदू.
दुखत नाही, खुपत नाही,
कडेकडेने जग कुरतडत येतो.

आता चहा ओततो तेव्हा
किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवतो,
टिक्, आणि मग ओततो.
ती टिक् मला फोनवरही ऐकू येते.
अंधार पडू लागला की कापणीयंत्रावरून उतरतो,
शेजारी दिवे लावून मध्यरात्रीपर्यंत कापत असतात.
त्याची टेसा डावीकडून धावत आली
तर आधी हाक मारते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही.

रात्री नऊला एक थेंब, सकाळी दोन.
नाताळात मी त्याच्याकडे असते, तेव्हा रात्रीचा मी घालते.
तो खुर्चीत मान मागे टाकतो, मी खालची पापणी ओढते.
माझा हात थरथरतो. त्याचा डोळा नाही.
यंदा थेंब घालेपर्यंत
त्याचा डोळा लागलाही होता.
दिवसभर बर्फ उपसून दमला होता, बस,
आणि मी बाटली धरून उभी,
‘लागला’ हा शब्द तोंडात घोळवत.

जेवायला सगळे त्याच्या उजवीकडे बसतात,
न ठरवता.
मी डावीकडे बसते,
तिथून त्याच्याकडे हवं तेवढं पाहता येतं.
मला वाटायचं, त्याला ठाऊक नाही.
यंदा त्याने मान न वळवता
बिटाच्या सूपाचं पातेलं
माझ्या बाजूला सरकवलं.
थोडं चुकलं. कडेला सांडलं,
टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर लालभडक.
‘राहू दे गं, दार्का,’ तो म्हणाला,
‘हा पाण्याने नाही निघायचा.’
आणि हसला.

मी उठून मीठ आणायला गेले.
बराच वेळ मीठ सापडेना.